कुरुतच्या चटईवरची सावली

तरुण फोटोग्राफर मला माझा पहिला कॅमेरा कोणता ते विचारतात, तेव्हा त्यांना लेन्सच्या गोष्टी हव्या असतात. लेन्सबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. काळ्या प्लास्टिकची स्मेना. बाबा लोकर घेऊन राजधानीला, फ्रुंझेला गेले होते, तेव्हा त्यांनी आणलेली. अंतर आपणच नजरेने मापायचं, खटका दाबायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. सोबतच्या पुस्तिकेत एक नियम ठळक छापला होता, सूर्य नेहमी पाठीशी घ्या म्हणून. मी आज्ञाधारक! त्यामुळे त्या काळच्या माझ्या जवळजवळ प्रत्येक फोटोत खालून एक लांब सावली आत घुसलेली असते, दोन्ही बाजूंना सुपासारखे कान असलेली. असे कान आमच्या गावात माझ्या एकट्याचेच.

नारीनच्या आमच्या डोंगरात तेव्हा फोटो काढून घेणं म्हणजे ताठ उभं राहण्याचं काम होतं. आई तर श्वासही रोखून धरायची. ओठ न हलवता म्हणायची, "झालं का रे? दूध उतू जातंय तिकडे." एकदाच तिला बेसावध गाठलं. ती दुखरे गुडघे सांभाळत खाली बसून दह्याच्या चक्क्याचे गोळे, आमचं कुरुत, बोरूच्या चटईवर वाळत घालत होती. खटक्याचा आवाज ऐकून ओरडली, "मेल्या, आधी सांगायचं तरी! रुमाल तरी नीट बांधला असता डोक्याला!"

मग मला सैन्यात बोलावणं आलं आणि कॅमेरा धाकट्या बहिणीकडे, बुरुलकडे राहिला. न्हाणीघरात लाल दिवा लावून फोटो धुवायचे कसे, कागदावर छापायचे कसे, ते मी तिला शिकवून ठेवलं होतं.

"दादा, तू निर्धास्त जा," ती म्हणाली. "सगळं घर तुला पोस्टाने पाठवीन."

तिने शब्द पाळला. उत्तरेच्या त्या गोठलेल्या समुद्राकाठच्या छावणीत पाकिटं येत राहिली. नवं शिंगरू, गवताच्या गंजीवर बसलेले बाबा आणि आई. पुढे पुढे आई नेहमी एकटी असायची आणि फोटो गुडघ्यांखाली कापलेला असायचा. पलीकडच्या खाटेवरचा जुराब, जॉर्जियाचा पोरगा, माझ्या हातातून फोटो हिसकावून घ्यायचा.

"काय रे, तुमच्याकडे बायकांना पाय नसतात का?"

मी हसायचो. फोटो धड छापता येत नाही म्हणून बुरुलला पत्रातून चार शब्द सुनावलेही.

दुसऱ्या उन्हाळ्यात कुरुतचा फोटो आला. मागे बुरुलचं अक्षर, आईने याच आठवड्यात कुरुत घातलंय, तुझी फार आठवण काढते. फोटोत आई खाली बसलेली होती. रुमाल सुटलेला, एक हात चटईवर. आणि त्या हाताला लागून एक सावली, सुपासारख्या कानांची.

मी इथे होतो आणि माझी सावली तिथे, आईजवळ.

आमच्याकडे परमुलखात एकट्या असलेल्या माणसाला मृत्यूची बातमी कळवत नाहीत. ऐकताना त्याला सावरायला आपली माणसं जवळ हवीत. तोवर सगळं गाव मिळून खोटं बोलतं आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. त्यामुळे मला कोडं पडलंच नाही. बुरुल माझ्याच जुन्या फिल्मवरून आईचे फोटो छापत होती, कारण आता नवा फोटो काढायला आई नव्हती.

जुराबने तोही फोटो हिसकावला. "अरे, या वेळी पूर्ण दिसतेय की! छान आहे रे तुझी आई."

"आहे," मी म्हटलं. त्याला सांगणार तरी काय? कोळशाच्या शेडमागे गेलो आणि टोपी तोंडात कोंबून रडलो. इतका एकटा मी आधी कधी नव्हतो, नंतरही कधी झालो नाही.

घरी कळू दिलं नाही. पोरगा तिकडे एकटाच रडतोय हे समजलं असतं, तर बाबा झुरून मेले असते. म्हणून उलट आईच्याच नावाने पत्रं लिहू लागलो. काय जेवलो, बूट कुठे फाटले, तू कशी आहेस, काय वाटेल ते. ती होती तेव्हा कधी एवढी लिहिली नव्हती. नाटक चोख वठायला हवं होतं ना!

सैन्यातून सुटून घरी आलो, तेव्हा अंगणात सगळी वडीलधारी मंडळी वाट बघत बसली होती. आमच्या भावकीतले सर्वांत थोरले असानबाय आजोबा माझा हात धरून म्हणाले, "बाळा, आता मन घट्ट कर. माझी जीभ रेटत नाही, पण थोरला मीच, मलाच सांगायला हवं. तुझी आई पहिल्याच हिवाळ्यात गेली रे आपल्याला सोडून."

बायकांनी हंबरडा फोडला. आता मी मोठ्याने आक्रोश करत बाबांच्या गळ्यात पडायचं, अशी रीत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. उगाच आवाज काढून पाहिला, तर तो मेंढीसारखा निघाला.

"रशियाचं पाणी लागलं हो," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "जिने जन्म दिला तिच्यासाठी एक थेंब नाही!"

बुरुल चुलीपाशी पाहुण्यांसाठी कणकेचे बोरसोक तळत होती. मी जवळ गेलो तेव्हा मान वर न करताच तिने विचारलं,

"कुठल्या फोटोवरून कळलं?"

"कुरुतच्या."

"मला वाटलंच होतं. सावली कापायला गेले की आईचा हात जायचा. हात कापणं माझ्या जिवावर आलं."

"बरं केलंस," मी म्हटलं. तेव्हाही मला रडू आलं नाही. आपल्यात काहीतरी कायमचं सुकून गेलंय, अशी मला भीती वाटली.

पाहुणे जेवून गेले. अंगणात बाबा आणि मी उरलो.

"आत्याचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "पत्रं छान लिहायचास तू. तिच्या नावाची असायची, म्हणून मी ती घरात फोडायचो नाही. कबरीपाशी न्यायचो आणि तिथे बसून मोठ्याने वाचायचो."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"एकही ठेवलं नाही वाचायचं. तुझे बूट फाटले तेसुद्धा सांगितलं तिला. फक्त दर पत्रात तू विचारायचास, आई, तुझे गुडघे आता कसे आहेत. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचायचं नाही रे. मग मी नुसताच बसून राहायचो."

तेव्हा माझा हंबरडा फुटला, अगदी रीतीत असतो तसा. तो ऐकायला बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं.