सायकली मोजणारी बाई

परक्या मुलखात एखादी अनोळखी बाई चक्क मराठीत विचारू लागली, "काका, तुम्ही रोज सायकलनेच येता का?" तर कोण दचकणार नाही? काशिनाथ दचकलाच. आखाती देशातल्या बनेद अल-गार वस्तीतल्या खोलीतून साइटवर जायला त्या गवंड्याकडे सायकलशिवाय होतं काय?

"नाय ओ म्याडम. कंपनीची बस हाय आम्हाला. ही दोस्ताची सायकल."

बाईचं नाव मैथिली. पुण्याची, रस्त्यांची इंजिनीअर. म्हणाली, "युरोपातल्या एका शहरात आम्ही असंच केलं. आधी सायकली आणि स्कूटर मोजल्या, मग त्यांना रस्त्याच्या कडेने वेगळी पट्टी करून दिली. इथेही उद्यापासून तीन दिवस सकाळी मोजणी आहे."

एवढी गोड बोलते म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय! गेल्या वर्षी बिल्डिंगच्या रखवालदारानेही असंच हसत हसत सायकली मोजल्या होत्या. आठवड्याने भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि सगळ्या उचलून घेऊन गेला. नवी घ्यायला काशिनाथला चार महिने लागले होते.

खोलीवर येऊन त्याने सोबतच्या कामगारांना बजावलं, "तीन दिवस कोणी त्या रस्त्याने जायचं नाय. मागच्या वाळूच्या प्लॉटातून सायकली ढकलत न्यायच्या."

खोलीतला शैलेश गळ्यात हात अडकवून बसला होता. महिन्यापूर्वी त्याच रस्त्यावर एका गाडीने त्याला उडवलं होतं. "काशीदा, ती खरं बोलत असली तर?"

"हाताबरोबर डोकं पण मोडलं काय रे तुझं? मोजतात ते न्यायलाच!"

झालं. तीन दिवस अकरा जण वाळूत घोट्यापर्यंत रुतत, घामाघूम होत, सायकली ढकलत गेले. काशिनाथ तर भिंतीआडून त्या बाईकडे बघत मनातल्या मनात हसत होता. बस म्हणावं मोजत!

दोन महिन्यांनी त्याच रस्त्याचं काम त्यांच्याच ठेकेदाराकडे आलं. काशिनाथ कडेचे दगड बसवत होता, तेवढ्यात मैथिली नकाशा घेऊन आली.

"काका, इथेच सायकलची पट्टी होणार होती. तीन दिवसांत दोन सायकली दिसल्या. साहेब म्हणाले, करायची कोणासाठी? आता गाड्यांचं पार्किंग होतंय."

काशिनाथच्या हातातली थापी थांबली. खरंच बोलत होती की ही! समोर भिंतीला त्यांच्या अकरा सायकली टेकून उभ्या होत्या. मैथिलीने त्या पाहिल्या, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्याच हायत," तो कसाबसा म्हणाला. "आता मोजा ना म्याडम. आम्ही अकरा जण. रोज येतो."

"आता मोजून काय करू, काका? मंजुरी झाली."

ती गेली. मुकादमाने हाक मारली, तसा काशिनाथने पुढचा दगड उचलला आणि पार्किंगच्या रेघेवर बसवला. काम संपल्यावर एका संध्याकाळी हात बरा झालेला शैलेश त्याच्या पुढे सायकल मारत निघाला. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि प्रत्येक हॉर्नला काशिनाथ ओरडत होता, "शैल्या, कडेने! अरे, कडेने चाल!"

पण कडेला आता गाड्या लागल्या होत्या.