जयाला कळवलं होतं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अंगद सरांनी बारावीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकाच्या हजेरीपत्रकावर जयाच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हिला कळवलं होतं ना?"

"हो, सगळ्यांना," सर म्हणाले आणि तसं लिहून सहीही केली.

कळवलं होतं ते जयाच्या आईच्या व्हॉट्सअॅपवर. आठ दिवस तिथं एकच टिक होती. बापाचा पाय मोडल्यापासून ऊसतोडीत आईच्या कोयत्याला जोडी जयाच होती. दिवाळीनंतर दोघी पाथर्डीहून कोल्हारला गेल्या, तेव्हा जयानं सरांच्या डायरीत सूर्यभान मुकादमाचा नंबर लिहून दिला होता. "आईचा फोन बंदच असतो, सर. यांना सांगा." पण सूर्यभान एकदा बोलायला लागला की अर्धा तास सोडत नाही. सरांनी फोन उद्यावर टाकला आणि तो राहूनच गेला.

मंगळवारी दुपारी सर कोल्हारला उसाच्या फडात पोचले. जयाच्या आईनं, लंकाबाईनं, मोळी खाली टाकली.

"मास्तर, तुमी हिकडं? कोयता देऊ का हातात?"

सरांना हसता आलं नाही. जया पुढं आली. "प्रात्यक्षिक कधी हाय, सर?"

"काल झालं."

तिनं कोयत्याला चिकटलेलं पाचट बोटानं काढलं. सरांना ते बघवेना. ऑगस्टमध्ये तिनंच वर्गात विचारलं होतं, इलेक्ट्रॉनला दोन वाटा असतील आणि मोजताना एकच सापडत असेल, तर दुसरी वाट जाते कुठं? सरांनी सांगितलं होतं की काही शास्त्रज्ञांच्या मते दोन्ही गोष्टी घडतात. जगच दुभंगतं आणि आपण एका फांदीवर उरतो. वर्ग हसला होता, जया हसली नव्हती.

"तुला आठवतंय ना ते," सर म्हणाले. "त्या हिशेबानं कुठल्या तरी जगात काल तू प्रात्यक्षिक दिलंस."

बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"त्या जगातल्या सरांनी फोन केला आसंल," जया म्हणाली.

"काय म्हनती वं ती?" लंकाबाईनं विचारलं.

"खरं तेच म्हणतेय," सर म्हणाले.

बांधावरून सूर्यभान म्हणाला, "सर, माझा नंबर व्हता की तुमच्याकडं. दिसभर चालूच आसतो."

सर म्हणाले, "चुकलं माझं. लेखी झाल्यावर राहिलेल्यांचं प्रात्यक्षिक घेतात. अर्ज करतो. कारण पटलं पाहिजे परीक्षा मंडळाला."

"कारण काय लिवनार?" जयानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती पुन्हा उसाला लागली.

बुधवारी प्राचार्यांनी मजकूर सुचवला, 'विद्यार्थिनी स्थलांतरित, संपर्क होऊ शकला नाही.' वर म्हणाले, "यात कुणाचंच नाव येत नाही." सरांनी तसंच लिहिलं. घरी नेलं. गुरुवारी सकाळी फाडून दुसरा कागद घेतला आणि लिहिलं, 'मुकादमाचा नंबर असूनही मी कळवलं नाही. हजेरीपत्रकावरचं माझं विधान खोटं आहे.' प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. "नोकरीवर येईल," ते म्हणाले. सर उभेच राहिले, तेव्हा त्यांनी शिक्का मारला.

अर्ज गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी मंडळाकडे गेला. शनिवार संध्याकाळपर्यंत उत्तर आलेलं नाही.