तिला थांबवायची तार

दिगंबरला प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत कणीक मळून घ्यावी, अशी कलकत्त्यात, बेहाला भागातल्या त्या बिऱ्हाडाची रीत होती. माणूस सज्जन, पण सावकाश. आणि कालिंदीला कुठला आलाय धीर!

उद्या रविवारी त्यांच्या लेकीचं, शकुनचं उष्टावण. पहिला घास भरवायला मामा, कालिंदीचा भाऊ चारुदत्त, फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीतून सुटी काढून येणार होता. भरवसा नव्हता तो बापाचाच. दिगंबरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला नवी मेमरी बसवली आणि तेव्हापासून तो चुकीची उत्तरं देत सुटला होता. आज दुरुस्त झाला नाही, तर दिगंबर उद्याही तिथेच.

"अहो, खीर तांदळाची करू की रव्याची?" कालिंदीनं पोळी वाढत विचारलं. दिगंबर ताटाकडे बघत बसलेला. "बरं, मामाला बसायला काय देऊ?"

"तांदळाची."

"मामाला तांदळावर बसवू?" ती खुदकन हसली. "आणि शकुनला काय घालू?"

"पाट दे की."

"ऐकलंस गं, शकू? बाबा तुला पाट नेसवतायत!"

दिगंबरचा घास हातातच राहिला. "पण उत्तरं माझी बरोबरच होती ना?"

"अगदी! फक्त मागच्या प्रश्नाची."

"म्हणजे मेमरी बिघडलेलीच नाही!" तो उठलाच. "ती मागितलेलं जरा सावकाश देते, आणि प्रोसेसर तुझ्यासारखा, मिळेल ते उचलून पुढे. आम्ही उगीच लोडशेडिंगला शिव्या घालतोय!"

"म्हणजे चूक माझीच?"

"चूक कुणाचीच नाही. चाल जुळत नाही, एवढंच."

"मग मेमरीला पळवा."

"ती नाही पळायची."

"ते मला सांगताय?"

"प्रोसेसरच्या बोर्डावर एक तार असते. ती जोडली की तो क्षणभर थांबतो. जुनी मेमरी चपळ होती, म्हणून ती तार न जोडताच ठेवलेली."

"मला नाही हो असली तार," कालिंदी म्हणाली. पण तो केव्हाच जिना उतरला होता. एवढी घाई त्यानं लग्नातही केली नव्हती.

रविवारी दिगंबर घरी होता. पाटावर मामा, मामाच्या मांडीवर शकुन.

"अहो, आधी खीर की वरणभात?" कालिंदीनं विचारलं. पुढचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तिनं तो गिळला आणि थांबली. मामाचा हात खिरीच्या वाटीत थांबला.

दिगंबर विचार करत होता.

शकुननं मामाचं खिरीनं माखलेलं बोट ओढलं आणि सरळ तोंडात घातलं.

"आईवर गेलीय," दिगंबर म्हणाला. पहिल्यांदाच अगदी वेळेवर.