खिडकीवर टांगलेला हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. शहापूरच्या शिंप्याने मला शिवलं ते खिडकीसाठी नव्हे, हे आधीच सांगतो. तरी माझं सारं आयुष्य खिडकीवरच गेलं.

१९९७ साली शहापूरला खाजगी डॉक्टरांचं शिबिर भरलं. शहापूर-मुरबाडच्या गावांतले डॉक्टर तीन दिवस शिकायला आले. बायकांची दुखणी कशी तपासायची, ते वत्सलाबाई नावाच्या प्रशिक्षिका शिकवत होत्या. बाई तपासून घ्यायला आली की आधी पडदा ओढा, सोबतच्यांना बाहेर बसवा आणि मग तिलाच विचारा, असं त्या परत परत सांगत. शेवटी प्रत्येकाला एक प्रमाणपत्र आणि एक पडदा मिळाला. मी अगदी फुगून गेलो होतो.

मुरबाडकडच्या हितेश डॉक्टरांनी प्रमाणपत्राला काच बसवली. मला मात्र दवाखान्याच्या खिडकीवर टांगलं, औषधांच्या कपाटावर ऊन येतं म्हणून.

सिद्धगडाच्या पायथ्याची हौसा सासूबरोबर यायची. बाकावर पाच-सहा माणसं कान टवकारून बसलेली असायची. डॉक्टर विचारायचे ते सासूला, गंगीबाईला. ती म्हणायची, "कंबर दुखते तिची." हौसा जमिनीकडे बघायची. डॉक्टर सुई टोचायचे, की झालं. दोन वर्षं हेच चाललं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दोन हातांच्या अंतरावर मी लोंबत होतो आणि डॉक्टरांना माझी आठवणच नव्हती.

एकदा हौसा एकटी आली. बाक भरलेलाच होता. ती खिडकीशी गेली आणि माझी कड धरून हळूच म्हणाली, "डाक्टर, ह्यो पडदा इकडं लावा. मंग सांगते. माझी कंबर नाय दुखत."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी मला सलाईनच्या दांडीला बांधलं. माझ्याआड ती पहिल्यांदा बोलली. दोन वर्षं अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात कळा येत होत्या. डॉक्टरांनी तिला तपासून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुखणं बरं झालं. पण ते आत पसरलं होतं, आता मूल होणं कठीण, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीत लिहिलं. आधी आली असती तर गोळ्यांवर भागलं असतं, असंही लिहिलं.

आधी आली असती म्हणे. ती कितीदा आली होती, ते मला विचारा.

चिठ्ठी वाचून हितेश डॉक्टरांनी मला आठ दिवस दांडीवरच ठेवलं. मग कपाटावरचं ऊन त्यांना खुपलं आणि मी परत खिडकीवर गेलो.

मित्रांनो, आता माझा रंग विटलाय. मला धुतलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्यातलं कोणी डॉक्टर झालं, तर आधी मला ओढा आणि मग विचारा. आज सकाळीच बाकावर एक नवी सून येऊन बसली आहे. तिची सासू सांगते आहे, कंबर दुखते तिची.