भिंतीवरची पाचवी ओळ

नगर कार्यालयाने कागद बंद करून भिंतीवर भलामोठा टीव्ही लावला, तेव्हा साहेबांनी फीत कापून जाहीर केलं, "आता लपवाछपवी संपली. सरकारकडची माहिती ही जनतेची आहे." जनतेने टाळ्या वाजवल्या. त्यात टेलरीणही होती, आणि आता त्या टाळ्या परत घेता आल्या असत्या तर तिने हात पुसून घेतल्या असत्या.

कारण तिची गल्ली रुंद होणार होती. गल्लीची एकच बाजू पाडायची असं ठरलं होतं. कुठली, ते सूचनेत होतं आणि सूचना टीव्हीवर होती. टेलरिणीचं दुकान पुढे आणि घर मागे. नवरा ट्रकवर, महिन्यातला बराच काळ बाहेर. मशीन चाललं तरच घर चालायचं. तिच्या बरोबर समोर सलूनवाला. बातमी फुटल्यापासून ही दोघं एकमेकांशी इतकं गोड बोलत की ऐकणाऱ्याला संशय यावा. "वहिनी, तुमच्या बाजूला काही होत नाही बघा," तो म्हणायचा. "तुमच्याही नाही हो भाऊ," ही म्हणायची. आणि मनातल्या मनात दोघंही समोरचं दुकान पाडून मोकळी व्हायची.

हरकत घ्यायची तर सूचनेतला मजकूर जसाच्या तसा उतरवून द्यायचा, असा नियम होता. मुदतीचा आज शेवटचा दिवस. पण सूचना टीव्हीवर यायची ती पळूनच जायची. शिंक आली तर संपलं. मग साहेबांचा हसरा फोटो, स्वच्छतेची शपथ, बागेचं उद्घाटन, पुन्हा साहेबांचा फोटो, आणि बऱ्याच वेळाने परत सूचना. साहेबांचा फोटो मात्र निवांत थांबायचा.

टेलरीण सकाळीच साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली होती.

"साहेब, सूचनेची एक प्रत मिळेल का?"

"बाई, ऑफिस पेपरलेस झालंय. प्रत कशावर देऊ, हातावर?"

"मग मोबाइलवर फोटो काढते."

साहेबांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. आत फोटो काढायला बंदी होती.

"मग वाचायचं तरी कसं?"

"डोळ्यांनी," साहेब म्हणाले. "माहिती दाखवणं आमचं काम. दिसणं तुमचं."

टेलरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचं डोकं तापलं की भराभर चालायचं. सूचना पाच ओळींची होती. एका माणसाला एका वेळी एक ओळ जेमतेम वाचता येत होती. तशीच ती गल्लीत गेली आणि चार माणसं घेऊन आली.

पहिली ओळ मास्तरांनी हक्काने मागून घेतली. निवृत्त होऊनही त्यांचं शिकवणं संपलं नव्हतं, विद्यार्थी तेवढे संपले होते. दुसरी सलूनवाल्याला, तिसरी सायकल दुरुस्तीवाल्याला, चौथी तिने स्वतः घेतली. पाचवी सासूबाईंना. "वरचं बघायला मान उचलावी लागते, कळ येते," असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंना सुईत दोरा ओवता येत नसे, पण लांबचं लख्ख दिसे. आणि स्मरणशक्ती अशी, की सून लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात काय उलटून बोलली, ते त्या आजही स्वल्पविरामासकट सांगत.

पाचही जण टीव्हीसमोर ओळीने उभे राहिले. सूचना आली. पाच तोंडं पुटपुटली. सूचना गेली, साहेब हसले. मग सगळे एकामागून एक तोंड घट्ट मिटून बाहेरच्या पायऱ्यांकडे निघाले. वाटेत वॉचमनने काय झालं म्हणून विचारलं, पण कुणी उत्तर देईना. तोंड उघडलं तर ओळ सांडेल ही भीती.

टेलरिणीने मांडीवर कागद घेतला. "हं, मास्तर."

मास्तरांनी घसा खाकरला. "'सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की,'"

"पुढे?"

"एवढीच."

सलूनवाल्याची ओळ निघाली, "'सदर रस्त्याचे रुंदीकरण करण्याचे योजिले असून,'" आणि सायकलवाल्याची, "'त्या अनुषंगाने व उपरोक्त संदर्भान्वये,'". तो बिचारा घामाघूम झाला होता. टेलरिणीने आपली स्वतःची लिहिली, "'बाजाराकडून येताना लागणाऱ्या'". चार ओळी संपल्या तरी सरकारने अजून काही सांगितलंच नव्हतं. सगळं घोडं पाचव्या ओळीत अडलं होतं. चार डोकी सासूबाईंवर वाकली.

तेवढ्यात साहेबच फोन कानाला लावून धावत बाहेर आले. आतला टीव्ही काळा पडला होता.

"अहो, करार कालच संपला हे मान्य, पण मजकूर तर द्या! माझ्याच सहीची सूचना आहे ती!"

टीव्ही चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोनमधला आवाज पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. "सही तुमची, फाइल आमची. आधी नवा करार करा, सर."

फोन बंद झाला. साहेब मटकन पायरीवर बसले. संध्याकाळपर्यंत मजकूर वर पाठवला नाही, तर सूचना निघालीच नाही असं धरणार होते.

"पण सही करताना वाचलं असेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"वाचत बसलो तर सह्या कधी करू?" साहेब म्हणाले. "मोजणीही कंपनीकडेच आहे." मग त्यांची नजर टेलरिणीच्या मांडीवर गेली आणि आवाज एकदम मऊ झाला. "ताई, तुम्ही उतरवून घेतलंय?"

सकाळची 'बाई' आता 'ताई' झाली होती. टेलरिणीने कागद पुढे केला. साहेबांनी अधाशासारख्या चार ओळी वाचल्या. "आणि पाचवी?"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी साहेबांकडे पाहिलं, आपल्या सुनेकडे पाहिलं, आणि पदराने चेहरा पुसला.

"नाही रे बाबा आठवत. म्हातारं माणूस मी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आता पुन्हा मोजणी, पुन्हा सूचना, पुन्हा हरकतींची मुदत. सगळं पहिल्यापासून.

घरी जाताना टेलरीण रस्ताभर धुमसत होती. "आई, जन्माचं सगळं आठवतं तुम्हाला, आणि नेमकी हीच ओळ विसरलात?"

दुकानात शिरल्यावर सासूबाईंनी दार लोटलं. "'डाव्या बाजूची सर्व बांधकामे पाडण्यात येतील,'" त्या एका दमात म्हणाल्या. "सर्व, असं लिहिलंय. म्हणजे आपलं आलंच. माझ्याच घरावरचा हातोडा मी माझ्या हाताने त्याच्या हातात देऊ?"

टेलरीण मशीनच्या स्टुलावर बसली. तिला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. इतक्या वर्षांत या बाईच्या गळ्यात पडावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं. ती पडलीसुद्धा.

"पुरे," सासूबाई अवघडून म्हणाल्या. "आता हे आपल्या बाजूच्यांनाच सांग. समोर कळू देऊ नकोस. त्याचं दुकान वाचतंय, तो आत्ता जाऊन साहेबाला सांगून येईल."

टेलरिणीलाही क्षणभर तेच वाटलं. मग तिने मान हलवली. "काही जणांनाच दाखवायचं, तर मग तो साहेब काय वाईट होता?"

तिने संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. एवढ्याशा दुकानात दोन्ही बाजूंची माणसं दाटीवाटीने उभी राहिली. सासूबाईंनी नाइलाजाने ओळ सांगितली. सायकलवाल्याचा चेहरा पडला. सलूनवाल्याचा उजळला. त्याने तो लपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. नवी मोजणी झाली तर पाळी त्याच्यावरही येऊ शकत होती, आणि साहेब अजून ऑफिसात होते. तो कुणाकडेही न बघता गर्दीतून वाट काढत बाहेर पडला.

"सांगितलं होतं ना," सासूबाई पुटपुटल्या.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. सलूनवाला धापा टाकत, सलूनमधली जड खुर्ची छातीशी कवटाळून उभा होता. ती त्याने सासूबाईंच्या मागे टेकवली आणि फडक्याने झटकली.

"बसून सांगा, आजी," तो म्हणाला. "मागच्यांना नीट ऐकू आलं नाही."