पुसलेल्या तीन ओळी

मी फळा बोलतोय. हौस म्हणून नाही. ज्याला बोलायचं होतं त्याचा गळा डॉक्टरनं कापला, आणि बोलायचं काम माझ्या, लाकडाच्या, माथी आलं. ऐकायचं तर ऐका. मध्ये मध्ये विचारू नका.

१९९९ साली गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मला फाटकाजवळ टांगलं. झामसिंग तिथं काट्यावर होता. शाळा चौथीपर्यंत. रोज सकाळी माझ्यावर धानाचा भाव लिहायचा आणि गाडीवाल्यांना शिव्या द्यायचा. आवाज असा, की बाहेरचे बैल कान टवकारायचे.

२००८ मध्ये गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, आवाज गेला. मिलमधून मला मुर्रीला त्याच्या घरी आणून खाटेसमोर टांगलं.

पंधरा दिवस मी कोराच. तो आढ्याकडे पाहत पडून राहायचा, जेवायचा नाही. मग एका सकाळी त्यानं खडू उचलला.

'महादेवा, तुह्या गळ्यात जहर, माह्या गळ्यात गाठ. तुले बेल, मले टाके. हे काही बरोबर नाही.'

त्याच्या बायकोला, मुन्नीबाईला, अक्षर येत नाही. तिनं सुनेला हाक मारली.

"रविता, वाच वो. का लिवलन बुढ्यानं?"

रवितानं वाचलं. मुन्नीबाई हसली, मग हात जोडले, मग पुन्हा हसली. "देवाशीबी भांडता का जी! तो काऊन ऐकून घेईन तुमचं?"

त्यानं लिहिलं, 'तू चाळीस वर्सं घेतलंच ना.'

त्या दिवशी तो भात जेवला. मग रोजचंच झालं. आधी महादेवाशी भांडण, मग जेवण.

दोन वर्षांनी गाठ परत आली. रविता देवरीला माहेरी गेली होती. सकाळी त्यानं तीन ओळी लिहिल्या आणि मुन्नीबाईला बोटानं दाखवल्या.

'मुन्नी, आज महादेवाशी भांडलो नाही.
भेव लागत नाही.
चहात साखर कमी होती.'

"रविता संध्याकाळच्या बसनं येते जी, मग वाचू," ती म्हणाली.

दुपारी तो वारला. पोरगा उमेंद्र धावत आला, मला बाहीनं पुसलं आणि लिहिलं: बांबू, सुतळी, पांढरं कापड, मडकं. मला काही वाटलं नाही. लाकडाला काय वाटणार?

तेरवीनंतर मुन्नीबाईनं विचारलं, "उमेंद्र, तुह्या बाबूजीनं का लिवलं होतं रे?"

"'जय महादेव' लिवलं होतं, माय."

"एवढंच?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "इतका सीधा नव्हता तो माणूस."

तो उठून बाहेर गेला. न वाचताच पुसलं, एवढं म्हणायला त्याचा गळा तर शाबूत होता.

आता मी कोंबड्यांच्या खुराड्याचं झाकण आहे. रंग उडाला, एक कोपरा उंदरांनी खाल्ला. तक्रार नाही. मुन्नीबाई रोज मला बाजूला सारते, वरून हात फिरवते आणि विचारते, "का लिवलं होतं जी?" मी सांगतो. तिला ऐकू जात नाही.

कधी मुर्रीकडे गेलात तर तिला सांगा. तिसरी ओळ आधी सांगा, म्हणजे तिचा विश्वास बसेल. माफी मात्र तुम्ही मागू नका. ती एकाच माणसानं मागायची आहे. उमेंद्र झामसिंग रहांगडाले.