गाडीवरून ओवाळलेलं

म्हातारीनं नोट नव्या गाडीच्या बॉनेटवरून गोल गोल फिरवली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि सरळ येऊन ती सोनियाच्या मांडीवर ठेवली. सोनियाला कोण आनंद झाला! व्हीलचेअरमधून वाकता येईल तेवढं वाकून तिनं हात जोडले.

"थँक्यू अम्मा. हमारी पूरी टीम की तरफ से."

म्हातारी लगबगीनं गाडीत जाऊन बसली. गाडी शोरूमच्या उतारावरून पंडरी बाजाराच्या रस्त्याला लागली. नोंदणीच्या टेबलावर बसणारी रुचिता कीबोर्ड बडवायची थांबली होती.

"दीदी, वो डोनेशन नहीं था," ती हळूच म्हणाली. "गाड़ी की नज़र उतारी है."

आता ही चूक सोनियासारख्या पोरीकडून व्हावी याचंच नवल. आजारपणात, परीक्षेत, कुणी जरा टक लावून पाहिलं तरी आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकलेल्या तिनं जन्मभर पाहिल्या होत्या. ओवाळलेला पैसा जवळ ठेवत नाहीत, इडापिडेसकट भिकाऱ्या-पांगळ्याला देऊन टाकतात, हेही तिला ठाऊक होतं. पण अंगात टीमची निळी जर्सी, शेजारी मोठ्या अक्षरांचा फलक. आपण इथे खेळाडू म्हणून बसलो आहोत या समजुतीत बाई होत्या! मांडीवरची नोट तिला चटका बसल्यासारखी वाटली.

यंदा नवी सोय झाली होती. गाडीची नोंदणी होताना मालकानं राजीखुशीनं थोडी वर्गणी द्यायची, ती दिव्यांगांच्या खेळांना जायची. जबरदस्ती नाही. रुचितानं विचारायचं, गिऱ्हाइकानं हो म्हणायचं आणि पडद्यावर एक टिक मारायची, संपलं. सोनियाचे बास्केटबॉलचे कोच विनायक सर खटपट करून परवानगी घेऊन आले होते. ज्या शोरूममध्ये आपल्या मुली बसतील तिथली वर्गणी आपल्या मुलींच्या खुर्च्यांना. कारण खेळायच्या खुर्च्या त्यांच्याकडे नव्हत्याच. इस्पितळातून मोडीत निघालेल्या खुर्च्यांवर पोरी खेळत. जोरात वळलं की खुर्ची आडवी आणि पोरगी सिमेंटवर. आणि आता राष्ट्रीय स्पर्धेत नाव लागलं होतं.

"धनतेरसपर्यंत काही सुरू झालं तर ठीक," सर म्हणाले होते. "नाहीतर नाव काढून घ्यावं लागेल, बेटा. त्या खुर्च्यांवर मी तुम्हाला परराज्यात नेऊन हात-पाय मोडून आणणार नाही."

म्हणून सोनिया रोज येऊन बसत होती आणि रोज लोक नाही म्हणत होते. काहून नाही, ते पंडरीच्या एका कापड व्यापाऱ्यानं एकदाचं सांगून टाकलं. माणूस मोठा गोड बोलणारा. "बेटा, हाथ में जितना बोलो दे देता हूँ. बस गाड़ी के कागज पे वो 'दिव्यांग' मत लिखवाओ. शुभ काम है." आणि त्यानंही नोट काढली, गाडीवरून उतरवली आणि तिला दिली.

म्हातारीनंतर तो पायंडाच पडला. शोरूमचे मॅनेजर भार्गव माणूस म्हणून वाईट नव्हते. सोनियाला वेळेवर चहा पाठवत, पाठीला उशी देत. पण गिऱ्हाईक कशानं खूश होतं ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तिची खुर्ची टेबलाजवळून हलवून गाड्या जिथून बाहेर पडतात त्या दारापाशी आणली. "यहाँ हवा अच्छी आती है," म्हणाले. त्या नोटांना सोनिया टीमचे पैसे म्हणायला तयार नव्हती. लोकांच्या इडापिडेतून आणलेल्या खुर्चीवर बस, असं कुठल्या तोंडानं पोरींना सांगायचं? घरी जाताना वाटेतल्या देवळाच्या पेटीत ती त्या टाकून यायची.

उरली होती एक आशा, आणि ती घरचीच होती. तिचा धाकटा भाऊ सचिन टॅक्सीसाठी कर्जावर गाडी घेत होता आणि धनतेरसला ती याच शोरूममधून निघणार होती. सोनियानं त्याला पढवून ठेवलं होतं. त्या दिवशी टेबलापुढे ही लांब रांग असते. रुचितानं विचारलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत हो म्हणायचं. एकानं केलं की दुसऱ्याला लाज वाटते. लोक असेच असतात, त्यांना कुणीतरी आधी करायला लागतं.

"एवढंच ना?" सचिन हसला होता. "माइकवर बोलतो, पाह्यजे तर."

आईला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. गाडी म्हटलं की वनमालाबाई आधी पूजेचं विचारत. सोनियाचे वडील मारोतराव रेल्वेच्या नोकरीनं इकडे हिंदी मुलखात आलेले. त्यांनी स्कूटर घेतली तेव्हा ड्यूटीच्या गडबडीत पूजा राहून गेली. रविवारी करू, म्हणाले. रविवारच्या आधीच भनपुरीच्या वळणावर ट्रकनं मागून ठोकलं. मारोतराव जागीच गेले. मागे बसलेल्या सोनियाचे पाय गेले. ट्रकवाला दारू प्यायला होता हे पोलिसांनी सांगितलं, कोर्टानं सांगितलं. वनमालाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मनात धरून ठेवली ती राहिलेली पूजा.

धनतेरसला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा, लाल फिती, टायरखाली लिंबं, जिकडेतिकडे नारळाचं पाणी. वनमालाबाई नवी साडी नेसून, पूजेची पिशवी छातीशी धरून सचिनच्या मागोमाग रांगेत उभ्या होत्या. सोनियानं त्या दिवशी आपली खुर्ची परत टेबलापाशी आणून लावली होती. सचिनचा नंबर आला. त्यानं बहिणीला डोळा मारला.

"दिव्यांग खिलाड़ियों के लिए सहयोग देंगे, भैया?" रुचितानंही आवाज चढवला होता.

"हाँ जी, बिलकुल दें—"

"थांब," वनमालाबाई म्हणाल्या. "कायचं विचारून राहिली ते?"

"काही नाही आई. सोनीच्या टीमसाठी हाय."

"कुठं लिवते?"

"पावतीवर येतं. गाडीच्या कागदासोबत."

वनमालाबाईंनी टेबलाची कड धरली. "नाही. गाडीच्या कागदावर तो शब्द नाही पाह्यजे मले."

"अवो आई, शब्दानं काय होते?"

"सोनीसाठी मी हातातली पाटली काढून देते, आत्ता देते. पण गाडीच्या कागदावर नको रे बाप्पा. तुह्या बाबाच्या वेळी मी गप बसली. आता नाही बसत."

"माताजी सही कह रही हैं," रांगेतून कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी माना हलवल्या.

सचिननं सोनियाकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. टेबलाची कड त्यांनी अजून सोडली नव्हती. त्यानं खणखणीत म्हणायचं ठरवलेलं सगळं गिळलं आणि रुचितापुढे वाकून पुटपुटला, "नो कर दीजिए."

त्याच्या मागच्या माणसानं रुचितानं विचारायच्या आधीच नो म्हटलं. त्याच्या मागच्यानंही. सोनियाचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं, लोकांना कुणीतरी आधी करायला लागतं. तिनं मोबाइल काढला आणि विनायक सरांना लिहिलं, नाव काढून घ्या, सर. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण काहीच आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

तेवढ्यात सचिनची गाडी दारापाशी आणून लावली. भार्गव स्वतः सोनियाची खुर्ची ढकलत तिकडे घेऊन गेले. पांढरी गाडी, आरशाला लाल फीत. घेण्याआधी सचिननं डिकी उघडून त्यात बहिणीची खुर्ची घडी घालून ठेवून पाहिली होती. बसली, तेव्हाच त्यानं ही गाडी पक्की केली. आज पुढच्या सीटवर सोनिया, मागे आई, आणि इथून थेट महामायेच्या देवळात, असं ठरलं होतं. रुचितानं येऊन आरती केली, सचिननं नारळ फोडला. नजर मात्र वनमालाबाईच काढणार होत्या. त्यांनी कनवटीची नोट काढली आणि बॉनेटवरून, काचेवरून, सचिनच्या डोक्यावरून सावकाश फिरवली. ओठ हलत होते. डोळे मिटलेले होते. मग डोळे उघडून कुणाला द्यायची म्हणून त्या इकडेतिकडे पाहू लागल्या.

"इधर माताजी," भार्गव म्हणाले. त्या बिचाऱ्यांना नातं ठाऊक नव्हतं. "दीदी को दे दीजिए. सब लोग इन्हीं को देते हैं."

वनमालाबाईंनी सोनियाकडे पाहिलं. सगळे हिलाच देतात म्हणजे काय, ते त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांनी नोटेचा हात मागे घेतला.

"नाही, नाही. दुसऱ्या कोनाले देते मी. वॉचमन..."

वॉचमन रस्त्यावर गाड्या अडवत होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. ओवाळलेली नोट परत कनवटीला लावता येत नाही, गाडीत नेता येत नाही, खाली टाकता येत नाही. वनमालाबाई ती चिमटीत धरून उभ्या राहिल्या. एवढी घाबरलेली आई सोनियानं एकदाच पाहिली होती, इस्पितळात शुद्धीवर आल्यावर. तिला आईची दया आली. रागही आला, पण दया जास्त आली. तिनं चाकं ढकलून खुर्ची पुढे घेतली आणि हात पसरला.

"आण."

"सोने, नको वं."

"आण म्हणते ना. साऱ्यायची घेते, आपलीच काहून नको?"

वनमालाबाईंनी नोट तिच्या हातावर ठेवली.

"चला, झालं," सचिन म्हणाला. त्यानं पुढचं दार उघडलं आणि बहिणीला उचलायला वाकला. "चल सोनी, बस."

कुठंही निघायचं म्हटलं की मुलीच्या खुर्चीला आधी हात घालणारी ही आई; आज पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत जमिनीकडे पाहत राहिली. ओवाळून दिलेलं ज्याच्या हातात आहे, त्याला त्याच गाडीत घेऊन कोण जातं? सोनिया थांबली. आई एक शब्द बोलली असती तरी तिला पुरला असता.

"तुम्ही व्हा पुढं," ती शेवटी म्हणाली. "मी येते ई-रिक्षानं."

"काय बोलून राहिली तू? तुह्यासाठीच तर डिकी मोजून—"

"सचिन," वनमालाबाई म्हणाल्या. "मुहूर्त टळून राहिला, बेटा."

त्या मागचं दार उघडून आत बसल्या. सचिननं पुढचं दार लोटलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. टायरखालची लिंबं फुटली. गाडी उतारावरून खाली गेली, रस्त्याला लागायला थोडी थांबली. मागच्या काचेतून वनमालाबाईंचा अंबाडा दिसत होता, त्यात माळलेला झेंडूही दिसत होता. उतारा देऊन निघालं की मागे वळून पाहायचं नसतं. वनमालाबाईंनी पाहिलं नाही.